बसची वाट

बस रॅपिड ट्रान्झिट, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली बीआरटी, ही रेल्वेची शिस्त बसला लावणारी व्यवस्था आहे. रुळावरून धावणाऱ्या गाडीला काही सोयी आयत्याच मिळतात. तिच्या वाटेत रिक्षा आडवी येत नाही, फलाट डब्याच्या फरशीला समतल असतो, प्रवासी तिकीट आधीच काढून उभा असतो आणि दारे भरपूर असल्याने चढउतार काही सेकंदांत उरकते. हेच सारे बसला दिले तर बोगदा न खणता, खांब न उभारता मेट्रोच्या जवळ जाणारी सेवा मिळू शकते, हा बीआरटीमागचा विचार.

पैशांच्या हिशेबात हा विचार बिनतोड वाटतो. पुणे मेट्रोच्या पहिल्या टप्प्याला डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, तेव्हा ३१.२५ किलोमीटरसाठी ११,४२० कोटी रुपये खर्च अपेक्षित होता. म्हणजे किलोमीटरला साडेतीनशे कोटींहून अधिक. अहमदाबादला त्याआधी काही वर्षे बीआरटी उभारताना किलोमीटरमागे दहा-पंधरा कोटी लागले. मधल्या काळातली महागाई धरली तरी ही तफावत भरून निघत नाही. असे असूनही भारतातल्या काही शहरांनी बीआरटी उभारली आणि पुढे स्वतःच्याच हाताने उखडून टाकली. बीआरटीची मोठी किंमत रस्त्याच्या रुंदीत मोजावी लागते, हे त्याचे मुख्य कारण. मेट्रो डोक्यावरून किंवा जमिनीखालून जाते. बीआरटी मात्र गाडीवाल्याच्या डोळ्यांसमोर रस्त्यातला वाटा मागते.

सारा खेळ थांब्यावर

शहरी बसचा वेग इंजिनापेक्षा थांब्यावर ठरतो. ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली जुनी बस डोळ्यांसमोर आणली की हे लक्षात येते. थांब्यापुढे रिक्षा उभी असते, म्हणून बस रस्त्याच्या मधोमध थांबते. घोळका तिच्याकडे धावतो. दार अरुंद आणि फरशी रस्त्यापासून मीटरभर उंच. पिशवी खांद्याला अडकवून एखाद्या आजी दांडा धरतात. पहिली पायरीच गुडघ्याएवढी, त्यामुळे मागून कोणीतरी हात देते. आतून उतरणारे खोळंबतात. कंडक्टर डबल बेल देतो, बस हलते आणि धावत आलेल्या एकाने दार धरल्यामुळे पुन्हा थांबते. या सगळ्यात एक मिनिट सहज जाते.

या मिनिटावरून पूर्ण मार्गाची क्षमता ठरते. एका जागी प्रत्येक बस मिनिटभर अडकत असेल, तर तिथून तासाला साठच बस पुढे जातील. बसमध्ये ७० माणसे धरली तर तासाला ४,२०० प्रवासी झाले. आता पायऱ्या काढून फलाट बसच्या फरशीइतका उंच केला, तिकीट फलाटावर शिरतानाच घेतले आणि रुंद दारे एकदम उघडली, तर थांबण्याचा वेळ वीस सेकंदांवर येतो. बस निघून दुसरी जागेवर लागायला दहा सेकंद धरले, तर तासाला १२० बस जातात. सांध्याने जोडलेल्या, १६० प्रवाशांच्या लांब बस वापरल्या, तर तेवढ्याच रुंदीतून तासाला १९,२०० माणसे पुढे सरकतात. एकेका स्थानकात बस लागायच्या दोन-तीन जागा केल्या आणि थांबलेल्या बसला ओलांडून जाण्यासाठी बाजूला आणखी एक मार्गिका ठेवली, तर आकडा याच्याही दुपटीपलीकडे जातो.

बाकीच्या बाबी याच हिशेबाला पूरक आहेत. बस फलाटाला नेमकी खेटून लावता आली पाहिजे, नाहीतर मधली फट उडी मारून ओलांडावी लागते आणि समतल फलाटाचा उपयोगच उरत नाही. स्थानक रस्त्याच्या मध्यभागी असेल तर आपल्याकडे ते बसच्या उजव्या हाताला येते, म्हणून बसला उजवीकडेही दारे लागतात. चौकात उजवीकडे वळणारी वाहने बसची वाट कापतात. त्यासाठी सिग्नलचा वेगळा टप्पा द्यावा लागतो किंवा ते वळणच बंद करावे लागते. शिवाय मध्यभागी असलेल्या स्थानकात पोचणारा प्रत्येक प्रवासी आधी रस्ता ओलांडणारा पादचारी असतो. त्याला सुरक्षित वाट दिली नाही, तर उत्तम स्थानकही धोक्याची जागा ठरते.

कुरितिबा : रस्ता आणि इमारती एकत्र

या व्यवस्थेचे मूळ दक्षिण ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरात सापडते. १९६६ च्या विकास आराखड्याने शहराची वाढ ठरावीक अक्षांवरून व्हावी असे ठरवले होते. वास्तुरचनाकार जैमी लेर्नर १९७१ मध्ये महापौर झाले तेव्हा ते तेहतीस वर्षांचे होते. मेट्रो शहराच्या ऐपतीबाहेरची होती. १९७४ मध्ये बससाठी राखलेल्या पहिल्या मार्गिका सुरू झाल्या.

कुरितिबाचे खरे वैशिष्ट्य तीन रस्त्यांच्या रचनेत आहे. मधल्या रस्त्यावर दोन्ही दिशांच्या बसमार्गिका आणि त्यांच्या कडेला स्थानिक वाहनांसाठी संथ वाट. डावी-उजवीकडे एकेक गल्ली सोडून जलद वाहनांचे दोन एकेरी रस्ते. उंच इमारतींना परवानगी या पट्ट्यातच मिळे, त्यापासून दूर गेले की मजले कमी होत. त्यामुळे प्रवासी आणि बस यांच्यात चालण्याचे अंतर आपोआप घटले. बसच्या रंगांवरूनही काम कळे: लाल म्हणजे मुख्य मार्गाची जलद बस, नारिंगी म्हणजे वस्त्यांतून प्रवासी आणून सोडणारी पूरक बस, हिरवी म्हणजे उपनगरे परस्पर जोडणारी. बस खासगी कंपन्यांच्या, पण त्यांना मोबदला किलोमीटरवर मिळे. प्रवाशांच्या संख्येशी त्याचा संबंध नसल्याने गर्दीच्या मार्गावर झुंबड आणि ओसाड मार्गावर शुकशुकाट, असा प्रकार होत नसे.

१९९१ मध्ये या शहराने काचेची नळकांडी स्थानके उभारली. नळीच्या एका तोंडाशी तिकीट देणारा माणूस आणि फिरते दार, शेजारी चाकाच्या खुर्चीसाठी छोटी लिफ्ट. प्रवासी पैसे देऊन आत येतो आणि बसच्या फरशीच्या उंचीवर उभा राहतो. बस येऊन थांबते, नळीची आणि बसची दारे समोरासमोर उघडतात, बसमधून एक फळी खाली पडून मधली फट झाकते, आणि तान्ह्या मुलाला काखेत घेतलेली आईसुद्धा पावलाची उंची न बदलता आत जाते. पुढच्या वर्षी तीन भाग दोन सांध्यांनी जोडलेली, पेटीच्या भात्यासारखी वळणारी, २७० प्रवाशांची बस आली. तिला पाच दारे होती.

कुरितिबाला मर्यादाही लवकर भेटल्या. शहर सधन होत गेले तशा मोटारी वाढल्या, आणि ब्राझीलच्या शहरांत माणशी मोटारींच्या प्रमाणात कुरितिबा वरच्या क्रमांकांत आले. उत्तम बस असली म्हणजे लोक मोटार घेत नाहीत असे होत नाही, हे तिथे स्पष्ट झाले.

बोगोटा : बसची ताकद आणि तिची सीमा

बीआरटी मोठ्या महानगराचा भार पेलू शकते हे कोलंबियाच्या राजधानीने सिद्ध केले. तिथे पूर्वी हजारो खासगी बस धावत. चालकाची कमाई त्या दिवशीच्या प्रवाशांवर अवलंबून असल्याने एकच प्रवासी उचलायला दोन बसची शर्यत लागे. लोक याला पैशा-पैशाची लढाई म्हणत. महापौर एन्रिके पेन्यालोसा यांच्या कारकिर्दीत, डिसेंबर २००० मध्ये, ट्रान्समिलेनियो सुरू झाली.

तिची घडी कामांच्या वाटणीवर बसलेली होती. मार्ग आणि स्थानके सार्वजनिक पैशातून बांधायची, त्यासाठी पेट्रोलवरच्या अधिभारातला हिस्सा राखायचा. नियोजन आणि देखरेख सार्वजनिक कंपनीकडे. बस निविदेतून निवडलेल्या खासगी कंपन्यांच्या, मोबदला धावलेल्या किलोमीटरवर. तिकिटाचे पैसे गोळा करणारी कंपनी वेगळी, आणि जमलेली रक्कम विश्वस्त खात्यात जाऊन तिथून वाटली जायची. बसचालकाच्या हातात रोकड येण्याचा प्रश्नच उरला नाही.

मुख्य मार्गांवर प्रत्येक दिशेला दोन मार्गिका दिल्या गेल्या. त्यामुळे सगळ्या थांब्यांवर थांबणाऱ्या बसला ओलांडून जलद बस पुढे जाऊ शकते. गर्दीच्या तासात एका दिशेने सुमारे ४५ हजार प्रवासी नेण्याची नोंद या मार्गावर झाली. जगातल्या अनेक मेट्रोमार्गांवर एवढी गर्दी कधी होत नाही.

अडचणीही याच यशातून आल्या. पहिल्या टप्प्यातल्या काँक्रीटच्या लाद्या काही वर्षांतच तडकू लागल्या. जड बस दिवसभर एकाच चाकोरीतून जाते आणि एकाच जागी ब्रेक लावते. साध्या रस्त्याचा पाया त्याला पुरत नाही. दुसऱ्या टप्प्यात रस्त्यांची समूळ फेरबांधणी करावी लागली आणि किलोमीटरचा खर्च दुपटीहून अधिक झाला. जाळ्याचा विस्तार मूळ वेळापत्रकाच्या मागे पडला, प्रवासी मात्र वाढत राहिले. मार्च २०१२ मध्ये गर्दीने त्रासलेल्या लोकांची निदर्शने हिंसक झाली आणि स्थानकांची मोडतोड झाली. आता त्याच शहरात उन्नत मेट्रोचे बांधकाम चालू आहे आणि तिच्या मार्गाचा काही भाग ट्रान्समिलेनियोच्या जुन्या रस्त्यावरून जातो. बीआरटीने बोगोटाला मेट्रोविना वीस वर्षांहून अधिक काळ चालवून नेले, असेही याकडे पाहता येते.

एकाच कल्पनेची नाना रूपे

बोगोटानंतर ही कल्पना जगभर पसरली. जाकार्ताने २००४ मध्ये सुरू केलेले जाळे आज लांबीने जगात सर्वांत मोठे मानले जाते. इस्तंबूलने २००७ मध्ये महामार्गाच्या मध्यभागातून बसची वाट काढली. तिथे वाहने उजव्या बाजूने चालतात आणि बसची दारेही उजवीकडे, पण फलाट मध्यभागी. इस्तंबूलने नव्या दारांचा खर्च न करता मार्गिकेतल्या बसची दिशाच उलटवली. त्या पट्ट्यात बस डाव्या बाजूने धावतात.

चीनमधल्या ग्वांगझूने फेब्रुवारी २०१० मध्ये वेगळी रीत स्वीकारली. बोगोटात पूरक बसमधून उतरून मुख्य बस पकडावी लागते. ग्वांगझूत निरनिराळ्या भागांतल्या बस मार्गिकेत शिरतात, गर्दीचा टप्पा वेगाने पार करतात आणि पुढे साध्या रस्त्याने आपापल्या वस्तीत जातात. प्रवाशाला गाडी बदलावी लागत नाही. सुमारे साडेबावीस किलोमीटरच्या त्या मार्गावर स्थानकांना मेट्रो आणि भाड्याच्या सायकलींची जोड मिळाली. रेल्वेला असे वस्तीत शिरणे कधी जमत नाही. डबा रुळ सोडून कोणाच्या गल्लीत जाऊ शकत नाही. बसचा हा लवचीकपणा तिचे सर्वांत मोठे बळ मानले जाते.

पुण्यापासून सुरुवात

भारतात या व्यवस्थेचा पहिला प्रयोग पुण्यात झाला. डिसेंबर २००५ मध्ये केंद्राने जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान सुरू केले. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने रस्त्याची जागा वाहनांऐवजी माणसांना द्यावी असे तत्त्व मांडले. निधी आणि तत्त्व दोन्ही हाताशी आल्यावर डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बीआरटी सुरू झाली. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या दोन परिवहन संस्था एकत्र होऊन पीएमपीएमएल झाली ती त्यानंतर, २००७ मध्ये.

या पहिल्या मार्गावर थांब्याचा हिशेब जवळपास सगळाच बाकी राहिला. तिकीट बसमध्येच, फलाट समतल नाही, चौक आणि उड्डाणपूल आले की मार्गिका संपून बस पुन्हा इतर वाहनांत मिसळते. दुचाकींच्या शहरात दुभाजकाला जिथे फट मिळेल तिथून स्कूटर आत शिरणार, हे ठरलेले. घुसखोरी थांबवायला मार्गिकेच्या तोंडाशी वॉर्डन उभे करावे लागले. बीआरटी म्हणजे रेलिंग घातलेली लेन, अशी पुणेकरांची समजूत तिथे पक्की झाली आणि पुढे बरीच वर्षे टिकली.

२०१५ मध्ये ‘रेनबो’ नावाने दुसरी पिढी आली. ऑगस्टच्या अखेरीस संगमवाडी–विश्रांतवाडी, मग औंध–रावेत आणि नाशिक फाटा–वाकड, पुढच्या वर्षी येरवडा–वाघोली. स्थानके बंदिस्त आणि समतल झाली, बसला दोन्ही बाजूंना दारे आली. पिंपरी-चिंचवडला रुंद रस्त्यांचा फायदा मिळाला. तिथला जुना मुंबई–पुणे रस्ता ६१ मीटर रुंद आहे. त्याच रस्त्यावरची निगडी–दापोडी मार्गिका मात्र बांधून अनेक वर्षे बसविना पडून राहिली आणि २०१८ मध्ये सुरू झाली. मेट्रोचे पहिले टप्पे मार्च २०२२ मध्ये धावू लागले, आणि नगर रस्त्यावरची येरवडा–वाघोली बीआरटी नंतर टप्प्याटप्प्याने काढण्यात आली.

दिल्लीत एप्रिल २००८ मध्ये आंबेडकरनगर–मूलचंद हा ५.८ किलोमीटरचा पट्टा सुरू झाला. त्या रस्त्यावर वाहनांच्या संख्येत बसचा वाटा थोडा, माणसांच्या संख्येत मोठा होता. पण लांबलेले सिग्नल आणि मोटारींच्या रांगा यांचीच चर्चा अधिक झाली. त्याविरुद्धची याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये फेटाळली; तरीही २०१६ मध्ये पट्टा उखडला गेला. इंदूरमध्ये २०१३ पासून चाललेला सुमारे साडेअकरा किलोमीटरचा मार्ग काढण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झाला. भोपाळनेही त्याच वर्षी आपली मार्गिका काढायला घेतली.

अहमदाबादची ‘जनमार्ग’ ऑक्टोबर २००९ मध्ये सुरू झाली आणि टिकली. सेप्ट विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी नियोजन केले. मध्यवर्ती बंद स्थानके, उजव्या बाजूची दारे आणि आधी तिकीट या गोष्टी पहिल्या दिवसापासून होत्या. सुरुवात आरटीओ ते पिराणा या रुंद रिंगरोडच्या भागात झाली, जिथे जागेवरून भांडण कमी होते. गर्दीचे जुने रस्ते सोडून सोपे रस्ते निवडले, अशी टीकाही तिच्यावर झाली. सुरतने नंतर शंभर किलोमीटरहून मोठे जाळे उभारले, आणि हुबळी–धारवाड मार्गावर २०१८ मध्ये ओलांडणी मार्गिकेसह सेवा सुरू झाली.

रिकामी दिसणारी मार्गिका

या सगळ्या भांडणांच्या मुळाशी एक दृष्टिभ्रम आहे. मार्गिकेतून मिनिटाला एक बस जात असेल, तर तिला नजरेसमोरून जायला दोन-तीन सेकंद पुरतात. उरलेले मिनिटभर मार्गिका रिकामी दिसते. शेजारच्या रांगेत अडकलेल्या मोटारचालकाला ती वाया गेलेली जागा वाटते आणि दुभाजक काढला तर आपली सुटका होईल, असे त्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात सिग्नल असलेल्या शहरी रस्त्याच्या एका मार्गिकेतून तासाला हजारभर मोटारी गेल्या आणि प्रत्येकीत सरासरी दीड माणूस असला, तरी १,५०० माणसे होतात. साठ बसमधून ४,२०० जातात. गच्च भरलेल्या मार्गिकेपेक्षा रिकाम्या दिसणाऱ्या मार्गिकेतून जवळपास तिप्पट माणसे पुढे गेलेली असतात.

पण हा हिशेब साठ बसचा आहे. त्याच मार्गिकेतून तासाला बाराच बस धावत असतील तर ८४० माणसे जातात, आणि मग मोटारचालकाची तक्रार खरी ठरते. काँक्रीट आणि रेलिंगवर खर्च करून बसखरेदी मागे ठेवण्याची चूक भारतात वारंवार झाली. मार्गिका हे नुसते पात्र असते. त्यातून पाणी वाहिले नाही, तर लोक तिथे घरे बांधू लागतात, तसेच इथे घडले. पीएमपीएमएलच्या ताफ्यात पुणे, पिंपरी-चिंचवड आणि भोवतालच्या विस्तीर्ण परिसरासाठी दोन हजारांच्या आसपास बस असतात. त्यातूनच मार्गिकांच्याही फेऱ्या काढायच्या असतात.

राजकीय सोयीनेही पारडे मेट्रोकडे झुकते. मेट्रोसाठी केंद्र, राज्य आणि परदेशी कर्ज असा पैसा येतो आणि रस्त्यावरच्या कोणाची जागा कायमची जात नाही. नाशिकसाठी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २,०९२ कोटी रुपयांची तरतूद जाहीर झालेली ‘मेट्रो निओ’ याचा नमुना आहे. विजेच्या तारेवर चालणारी, रबरी टायरची लांब बस, पण खांबांवरच्या वाटेने. रस्ता मोकळा ठेवण्यासाठी बसच वर उचलण्याची ही कल्पना होती.

कुठे बस, कुठे रेल्वे

मेट्रोच्या बाजूने खरे मुद्दे पुष्कळ आहेत. थांबे धरून मेट्रोचा वेग साधारण तासाला तीस किलोमीटरच्या वर राहतो. बीआरटीचा वीस-पंचवीसच्या आसपास. गर्दीच्या गाडीत हजार-दोन हजार माणसांमागे एक चालक लागतो. बसला सत्तर ते दीडशे माणसांमागे एक, त्यामुळे मजुरी महाग असलेल्या देशांत चालवण्याचा खर्च बसला जड जातो. मेट्रोचा डबा तीस वर्षे चालतो, बस दहा-बारा वर्षांत बदलावी लागते. पेठांमधून रुंद बसमार्गिका नेणे अशक्यच असते. पुणे मेट्रोही शिवाजीनगर ते स्वारगेट जमिनीखालून जाते.

क्षमतेच्या तुलनेत मात्र नावावर जाऊन चालत नाही. पुण्यातल्या तीन डब्यांच्या मेट्रोत सुमारे ९७० प्रवासी मावतात. ती दर दहा मिनिटांनी सोडली तर तासाला एका दिशेने ५,८२० जागा होतात. तेवढ्या जागांसाठी ७० प्रवाशांच्या ८३ बस, म्हणजे साधारण ४३ सेकंदांना एक बस लागते, आणि ते चांगल्या बीआरटीच्या सहज आवाक्यात आहे. फेऱ्या आणि डबे वाढवण्याची मुभा मेट्रोला असते. ती वापरली तरच तिच्यावरचा खर्च वसूल होतो.

यावरून ढोबळ विभागणी निघते. तासाला एका दिशेने दहा-पंधरा हजारांपर्यंत प्रवासी असलेल्या आणि रुंद असलेल्या रस्त्यांवर बीआरटी कमी पैशांत आणि दोन-तीन वर्षांत उभी राहू शकते. ओलांडणी मार्गिका देण्याइतकी जागा असेल, तर ती बरीच पुढेही जाते. त्यापलीकडची गर्दी किंवा अरुंद जुने शहर असेल, तर रेल्वेला पर्याय नसतो. बहुतेक महानगरांना दोन्ही लागतात, कारण मेट्रोच्या स्थानकापर्यंत माणूस शेवटी बसनेच किंवा पायी येतो. विजेच्या बस पुण्यात २०१९ पासून धावत आहेत. त्यामुळे धुराचा जुना आक्षेपही कमी होत चालला आहे.

बीआरटीचा निर्णय घेताना शहराने तीन गोष्टींचा हिशेब आधी मांडणे आवश्यक ठरते: मार्गिकेतून तासाला किती बस धावणार, प्रत्येक थांब्यावर किती सेकंद जाणार आणि चौकात बसला आधी वाट मिळणार का. या तिन्हींची उत्तरे ठाम असतील तर बीआरटी मेट्रोचा स्वस्त पर्याय ठरते. ती नसतील तर हाती उरते ती रेलिंग घातलेली लेन.